गावठाणातला वाडा कुणाच्या हिशोबात?

मंडळी, हुरड्याचे दिवस आले की पुण्या-मुंबईचे मित्र हमखास फोन करतात. "तुमच्या बारामतीकडं एखादं जुनं घर बघ रे, शेतातलं. दोन दिवस निवांत पडायचंय." जुनंही पाहिजे आणि शेतातही पाहिजे. घोडं इथंच पेंड खातं.

कारण आपल्याकडं जुनं घर रानात नसायचंच. रानात खोपट, गोठा, कडब्याची गंज. राहायचं गावठाणात, कारण चोरांची भीती, पाणी गावच्या आडाला आणि देवही गावातच. वस्त्या वाढल्या त्या विहिरीवर इंजिनं बसल्यावर, आणि खाली बागायतीत १८८५ चा नीरा डावा कालवा आल्यावर. लोणी भापकरसारख्या जिरायत गावात तर त्याहून उशिरा. म्हणून रानात जाल तर सिमेंट आणि पत्रा दिसणार. शंभर-सव्वाशे वर्षांचं घर बघायचं तर गावात या.

गेल्या पौषात लोणीत एका मित्राच्या वाड्यात दोन रात्री राहिलो. घडीव दगडाचं जोतं, त्यावर दोन हात रुंद पांढऱ्या मातीच्या भिंती, वर माळवद. बाहेर दात वाजत होते, आत एका गोधडीवर भागलं. भिंतीतल्या बळदात पूर्वी वर्षाची ज्वारी मावायची, आता पोरांच्या क्रिकेटच्या बॅटी आहेत. सकाळी दीड किलोमीटर चालत रानात गेलो. आगटीवर भाजलेली कणसं, हातावर चोळलेला गरम हुरडा, लसणाची चटणी. येताना मल्लिकार्जुनाचं यादवकालीन देऊळ, पुष्करणी आणि तो यज्ञवराह. एवढी देखणी मूर्ती गावात असून मोरगावला गणपतीला येणाऱ्या शंभर गाड्यांतली एक तरी इकडं वळते का, शंकाच आहे.

शांतता म्हणाल तर होती. पण पहाटे साडेचारला वहिनी उठल्या होत्या. धारा, डेअरीची गाडी, मग चूल, मग आमचा चहा. पाहुण्यांची शांतता कुणाच्या तरी कष्टावर असते. उद्या वाड्यात पैसे घेऊन पाहुणे ठेवले तर हेच काम दुप्पट होणार. तेव्हा ते पैसे वहिनींच्या खात्यावर जाणार का? मी जेवताना विचारलं. मित्र हसला. वहिनी हसल्या नाहीत.

पण त्याआधी वाडा राहिला पाहिजे. वारस पाच, दोघे पुण्यात, एक पिंपरीला. माळवदाला पावसाळ्याआधी माती लागते, आणि ती नीट चोपणारा माणूस गावात आता एकच उरलाय. त्यात सागवानी खांब-तुळयांसाठी लाकूडवाला दोनदा येऊन गेला. त्याचं गणित सरळ आहे: लाकूड त्याचं, दगड तुम्ही विका, मोकळी जागा वाटून घ्या.

वास्तविक कृषी पर्यटनाची सुरुवातच आपल्या तालुक्यातली. पांडुरंग तावरे यांनी पळशीवाडीत केंद्र उभं केलं, तेव्हा सरकारकडं धोरणही नव्हतं. ते २०२० ला आलं. पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची, पण सगळा भर शेतावरच्या खोल्यांवर. अर्जाला सातबारा लागतो, वाड्याला तो नाहीच. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८, झालंच तर ड्रोन मोजणीचं प्रॉपर्टी कार्ड. घरातल्या खोल्यांसाठी 'निवास व न्याहारी' योजना आहे, नाही असं नाही. पण ती फाईल वेगळी. शेतकरी एक, पाहुणा एक, फायली मात्र दोन! मग सोपं काय? वाडा पाडा, रानात पत्र्याच्या चार खोल्या बांधा, बाहेर बैलगाडीचं चाक रंगवून टेकवा आणि पाटी लावा, 'पारंपरिक वाडा'. अशा पाट्या तुम्हीही पाहिल्या असतीलच.

माझं म्हणणं एवढंच, की गावातला वाडा आणि त्याच कुटुंबाचं रान मिळून एकच केंद्र धरा. आणि नोंदणी घरातल्या बाईच्या नावानं करता येईल असं बघा. ग्रामसभेनं ठराव करून वर पाठवायला कुणाची हरकत नसावी.

अक्षय तृतीयेला पाचही भाऊ गावात येणार आहेत. लाकूडवाला तोवर थांबायला तयार झालाय. जुन्या वाड्याची वारसांत वाटणी न करता तो वापरात ठेवल्याचं उदाहरण बारामती-इंदापुरात कुणाला माहीत असेल तर खाली लिहा. मित्राला दाखवायचंय.