सँडी हुकची तयारी

न्यू जर्सीत उन्हाळा आला की आमची सँडी हुकची वारी ठरलेली. १७६४ पासून उभा असलेला तिथला दीपस्तंभ मुलांना आवडतो, हवा स्वच्छ असली तर मॅनहॅटनही दिसतं. शनिवार-रविवारी पार्किंग लवकर भरतं, म्हणून सामान आदल्या रात्रीच गाडीत: छत्री, चटई, पाण्याचा कूलर, टोप्या, कपड्यांचा जादा जोड, दशम्या आणि चटणी. (पोहे नेऊ नयेत, वाऱ्याने वाळूचीच फोडणी बसते!) सनस्क्रीन दर दोन तासांनी लावायचं. आपल्या सावळ्या रंगाला ऊन बाधत नाही हा निव्वळ गैरसमज. अंगाची वाळू झटकायला बेबी पावडर.

एकदा हे सगळं नेलं आणि तरी पाच वर्षांची धाकटी हरवली. आम्ही डबे उघडण्यात गुंतलो, ती बादली घेऊन पाण्याकडे गेली. काठाकाठाने खेळत पुढे सरकली, आणि मागे वळून पाहते तर सगळ्या छत्र्या निळ्याच! दहा मिनिटं आमच्या जिवात जीव नव्हता. शेवटी लाइफगार्डच्या खुर्चीपाशी सापडली.

तेव्हापासून छत्रीच्या दांड्याला आईची जुनी केशरी साडी बांधतो. बाकी काही विसरलं तरी चालतं, साडी मात्र आधी गाडीत जाते.