शस्त्राचा मोह

मोहांतही कुलीन आणि अकुलीन असा भेद आहे. जुनी पोथी, शिवराई नाणे किंवा पितळेची समई यांवर पैसे उधळणाऱ्या गृहस्थाला लोक रसिक म्हणतात. त्याच गृहस्थाने पिस्तूल विकत घेतले तर शेजारी दोन पावले मागे सरतात. विळीपलीकडे ज्या घरात शस्त्र आले नाही, अशा पांढरपेशा कुळात आमचा जन्म. तरीही अमेरिकेतील कनेटिकट राज्यात, आमच्या बिऱ्हाडाजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, काचेखाली १८५१ च्या नमुन्याचे कोल्ट रिव्हॉल्व्हर पाहून आम्ही जे थबकलो, ते ओळीने तीन शनिवार थबकत राहिलो.

याचा थोडा दोष कलकत्त्याकडे लावण्याची सोय आहे! सॅम्युएल कोल्ट सोळा वर्षांचा असताना, १८३० साली, जहाजावर नोकरी धरून कलकत्त्याच्या सफरीस निघाला; त्या सफरीतच जहाजाचे फिरते चाक पाहून त्याने फिरत्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला, अशी कथा सांगतात. अमेरिकेतील पेटंट त्याला १८३६ साली मिळाले.

परंतु आम्हाला खरी भुरळ घातली ती चित्राने. सहा बारांच्या पोलादी नळकांड्यावर सभोवार एक आरमारी लढाई कोरलेली असते. टेक्ससच्या आरमाराची मेक्सिकोच्या जहाजांशी १६ मे १८४३ रोजी झालेली ती लढाई. कोरणारा ऑर्म्सबी हा नोटांचे ठसे करणारा कसबी. या पिस्तुलावरची शिडे हाताळून पुसट झाली होती. दुकानदाराने ते आमच्या हाती दिले. घोडा मागे ओढताच नळकांडे एक षष्ठांश फिरून खटकन जागी बसले, आणि पुसट गलबतांपैकी एक पुढे सरकले. त्या क्षणी आमच्या मनात केवळ कारागिरीचे कौतुक होते, असे आम्ही म्हणणार नाही. मूठ हातात बसली तसा पाठीचा कणा थोडा ताठ झाला, हेही खरे.

कायद्याची अडचण नव्हती. १८९८ पर्यंत घडविलेल्या शस्त्राला तेथील संघराज्याचा १९६८ चा कायदा पुराणवस्तू समजतो. राज्याचे नियम आम्ही निराळे विचारून घेतले. अडचण होती किमतीची. निरनिराळ्या भागांवरचे क्रमांक जुळले की भाव चढतो, हे समजण्यासारखे आहे. पण अमुक अधिकाऱ्याने अमुक लढाईत हेच पिस्तूल चालविले, असा कागद सोबत असला की भाव कितीतरी पट होतो. कलेच्या गोष्टी बोलणारे आम्ही संग्राहक, पैसे मात्र रक्ताच्या पुराव्याचे मोजतो! या पिस्तुलाला कागद नव्हता, म्हणूनच ते आमच्या खिशाच्या टप्प्यात आले. चौथ्या शनिवारी आम्ही ते घेतले.

घरी आमच्या सौभाग्यवतींनी किंमत विचारली नाही. "अहो, याने कुणी मेले असेल का हो?" एवढेच विचारले. क्रमांकावरून घडणीचे वर्ष कळते, त्यापुढचे कळत नाही, असे आम्ही सांगितले. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलले, सव्वा किलोचे ते वजन क्षणभर तोलले, आणि परत आमच्या हाती दिले.

"देवघराच्या खोलीत नको," त्या म्हणाल्या.

सध्या ते आमच्या लिहिण्याच्या मेजाच्या खणात कुलपात असते. किल्ली त्यांच्याकडे आहे.