सात मेगाहर्ट्‌झचा शेजार

राजूर कॉलरीत धूळ दोन रंगांची. सायडिंगकडून वारा आला की काळी, चुनाभट्ट्यांकडून आला की पांढरी. दोरीवरचा सदरा संध्याकाळी काढताना दिवसभर वारा कुठून होता ते कळतं. रेझिस्टरवरच्या रंगपट्ट्यांचा तक्ता समोर आला तेव्हा म्हणूनच मला तो एकदम आपल्या गावचा वाटला. काळा म्हणजे शून्य, पांढरा म्हणजे नऊ. कोळशापासून निघायचं आणि चुन्यापाशी पोचायचं, मधे सगळे अंक.

मधल्या अंकांसाठी इंग्रजी पुस्तकं एक चमत्कारिक वाक्य पाठ करायला सांगतात. आपल्याला त्याची गरज नाही. काळा आणि तपकिरी एवढं म्हटलं की पुढे चौथीतलं इंद्रधनुष्य सुरू होतं: ता-ना-पि-हि-नि-पा-जा. त्यातला पारवा तेवढा गाळायचा. तांबडा दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात. मग राखाडी आठ आणि पांढरा नऊ. पिवळा-जांभळा-तांबडा अशा पट्ट्या दिसल्या की चार, सात आणि पुढे दोन शून्यं: ४,७०० ओहम. ज्वारीच्या दाण्याएवढ्या वस्तूवर कुणीतरी इतक्या निगुतीने नाव लिहून ठेवलंय, याचं मला अजून अप्रूप आहे.

हे सगळं चाललंय ते हॅम रेडिओच्या परवान्यासाठी. हौशी माणसाने स्वतःच्या घरातून, स्वतःच्या यंत्रावरून, स्वतःच्या नावाच्या संकेतावरून जगाशी बोलायचं, तर सरकार आधी त्याची परीक्षा घेतं. १९७८ची नियमावली आहे. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेते आणि आम्हाला जवळचं केंद्र नागपूर. वयाची अट बारा वर्षं पूर्ण एवढीच, त्यामुळे माझ्यासारखा केस पिकलेला उमेदवार आणि सातवीतली मुलगी एकाच बाकावर बसू शकतात. दर्जे दोन. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्सही यावं लागतं. ती कटकट मी पुढच्या वर्षावर ढकलली आहे.

अभ्यासक्रमाचे भागही दोन: एक विजेचा, एक नियमांचा. सुरुवातीला वाटलं, विजेचा भाग हाच खरा, नियम म्हणजे घोकंपट्टी. आता उलट वाटतं. किंबहुना हे दोन भाग वेगळे नाहीतच, असं माझं मत होत चाललंय.

आमच्या शेजारी कॉलरीतून निवृत्त झालेले एक इलेक्ट्रिशियन काका राहतात. खाणीतल्या साडेपाचशे व्होल्टच्या लाइनीवर त्यांची उमर गेली. मोटर जळायच्या आधी ती वासावरून ओळखणारा हा माणूस. मी ओसरीवर वही घेऊन बसलो की ते कुंपणापलीकडून विचारतात, ‘‘सर, कायले एवढं गणित करून राह्यले? फ्यूज उडाला का?’’ ओहमचा नियम त्यांनी कधी लिहून काढला नसेल, पण तो त्यांच्या बोटांत आहे. केबल गरम झाली म्हणजे कुठेतरी जोड ढिला आहे, हे त्यांना समजतं. ढिल्या जोडाचा रोध आणि विद्युतप्रवाहाचा वर्ग यांचा गुणाकार म्हणजे तिथली उष्णता, हे मला समजतं. जोड शोधायचा झाला तर मी त्यांच्याच मागे जाईन.

त्यांना हसू येतं ते माझ्या आकड्यांचं. मिलिअँपिअर, मायक्रोव्होल्ट, पिकोफॅरॅड. एका व्होल्टचा दहा लाखावा भाग अँटेनाच्या तारेत उमटला, तरी चांगल्या रिसीव्हरला त्यातून माणसाचा आवाज काढता येतो, असं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘म्हणजे हा करंट झटका द्याच्या कामाचा नाही, ऐकाच्या कामाचा हाय.’’ मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं. अर्थिंगचा धडा तर त्यांनीच शिकवला. अडीच-तीन मीटर खड्डा, त्यात पाइप, भोवती लाकडी कोळशाचे आणि मिठाचे थर, आणि उन्हाळ्यात पाणी द्यायला विसरायचं नाही. पुस्तकात याचं कारण दिलंय. ओलाव्यातल्या क्षारांमुळे जमिनीचा रोध उतरतो. पण आमच्या मे महिन्यात जमीन किती खोलवर वाळते, ते पुस्तकाला माहीत नाही.

कोळसा या विषयात सारखा भेटतो. जुन्या काळ्या टेलिफोनच्या तोंडाशी जी डबी असायची, तिच्यात कार्बनचे दाणे भरलेले असत. एडिसनने १८८०च्या दशकात त्यासाठी चक्क अँथ्रासाइट कोळशाचे भाजलेले दाणे वापरले. आपण बोललो की पडदा दाणे दाबतो, दाणे जवळ आले की रोध कमी होतो, रोध कमी झाला की प्रवाह वाढतो. बस, एवढंच. ओहमचा नियम बोलायला लागला. आमचा वर्धा खोऱ्यातला कोळसा त्या जातीचा नाही, तो बॉयलरमध्ये जाण्यासाठीच जन्मला. तरी हा परिच्छेद वाचल्यापासून सायडिंगवरच्या ढिगाकडे मी जरा निराळ्या नजरेने बघतो.

रेझोनन्सचं प्रकरण आलं आणि मी पुस्तक मिटून ओसरीवरून उठलो. आनंदाने. एक गुंडाळी, एक कपॅसिटर. गुंडाळी चुंबकक्षेत्रात ऊर्जा साठवते, कपॅसिटर विद्युतक्षेत्रात. दोघं ती ऊर्जा एकमेकांकडे देत-घेत राहतात आणि ही देवघेव सेकंदाला किती वेळा व्हायची ते फक्त त्या दोघांच्या मापांवर ठरतं. पाच मायक्रोहेन्रीची गुंडाळी आणि शंभर पिकोफॅरॅडचा कपॅसिटर घ्या, सूत्रात घाला, उत्तर येतं ७.१ मेगाहर्ट्‌झ. पाच मायक्रोहेन्री म्हणजे इंचभर व्यासाच्या पाइपावर इंचभर लांबीत सतरा वेढे. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली इनॅमलची तार आणि नळाचा पाइप, एवढ्यात सेकंदाला एकाहत्तर लाख हेलकावे राजूरच्या घरात बांधता येतात. लहानपणी रेडिओचं बटण फिरवताना काटा सरकायचा आणि नागपूर लागायचं. त्या बटणामागे एकमेकींत शिरणाऱ्या पत्र्यांचा कपॅसिटर होता आणि तो ५८५ किलोहर्ट्‌झला येऊन थांबत होता, हे कळायला माझी अर्धी हयात गेली.

परीक्षेत एक हमखास प्रश्न असतो: तरंगलांबी काढा. तीनशेला मेगाहर्ट्‌झने भागा, उत्तर मीटरमध्ये. ५८५ किलोहर्ट्‌झचं नागपूर म्हणजे सुमारे ५१३ मीटर. सराव म्हणून मी दिसेल तो आकडा भागत सुटलो होतो. तेव्हाच १९४२च्या काँग्रेस रेडिओचा आकडा आठवला: ४२.३४ मीटर.

ती गोष्ट शाळेपासून ठाऊक होती. ‘चले जाव’ची हाक दिल्यावर नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर बंधनं आली. मग मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त नभोवाणी केंद्र उभं केलं. २७ ऑगस्ट १९४२ला ते बोलू लागलं. ट्रान्समीटर या घरातून त्या घरात हलवत त्यांनी पोलिसांना झुलवलं आणि १२ नोव्हेंबरला ते पकडले गेले. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. यंत्र उभारणारे नरिमन प्रिंटर हे स्वतः हौशी रेडिओवाले. युद्ध सुरू होताच देशातले सगळे हौशी परवाने सरकारने रद्द केले होते, पण हातातली विद्या काही रद्द होत नाही. पोलिसांना जागा कळली तीही या प्रिंटर यांच्याकडूनच. हा भाग शाळेच्या पुस्तकात नव्हता आणि तो वाचून मी अस्वस्थ झालो. शूरपणा आणि फितुरी एकाच सोल्डरिंगच्या कांडीतून आल्या, त्याचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

पण आकडा. तीनशे भागिले ४२.३४. उत्तर ७.०८ च्या पुढे जरासं. आज भारतात हॅमना दिलेला चाळीस मीटरचा पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झ. म्हणजे ज्या जागेवरून बोलल्याबद्दल एका मुलीने येरवड्यात वर्षं काढली, त्याच जागेवर उद्या मी सरकारी शिक्क्याच्या परवान्याने हवापाण्याच्या गप्पा मारणार. मी भागाकार दोनदा तपासला. बरोबर होता.

त्यांच्यावर बंदी होती. माझ्यावर बंधनं आहेत. संगीत वाजवायचं नाही, धंद्याचे निरोप द्यायचे नाहीत, सांकेतिक भाषेत बोलायचं नाही, आपला संकेत सांगत राहायचा, नोंदवही ठेवायची, कुणी संकटात असेल तर बाकी सगळं सोडून त्याचं ऐकायचं. शेवटच्या कलमाला आपल्याकडे किल्लारीचा संदर्भ आहे. १९९३च्या भूकंपात निरोप पोचवणाऱ्यांत हे हौशी लोकही होते.

विजेचा भाग आणि नियमांचा भाग एकच आहेत, असं मी म्हणालो ते हार्मोनिक्समुळे. लग्नात डीजेवाला आवाज वाढवत नेतो आणि एका क्षणी गाणं फाटतं. फाटतं म्हणजे काय, तर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर अँप्लिफायर स्वतःच्या पदरचे घालतो. ट्रान्समीटरही हेच करतो. सात मेगाहर्ट्‌झवर हावरटपणे जोर लावला की चौदावर, एकवीसवर, अठ्ठावीसवर तुमचं भूत उमटतं. आणि गंमत अशी की चौदा, एकवीस आणि अठ्ठावीस हे तिन्ही हॅमचेच पट्टे आहेत. तुमच्या गबाळेपणाचा पहिला त्रास तुमच्याच बिरादरीला. मग पुढे टीव्ही, विमानं, इतर सेवा. त्यावर उपाय म्हणून लो-पास फिल्टर: दोन-तीन गुंडाळ्या, तीन-चार कपॅसिटर. सातला जाऊ दे, चौदाला अडव. पुस्तकात तो विजेच्या प्रकरणात आहे. मला विचाराल तर तो नियमांच्या प्रकरणात हवा.

आमच्या भागात याला आणखी एक धार आहे. भोवताली उघड्या खाणी, दुपारी ब्लास्टिंगचा भोंगा होतो, मग जमीन हलते आणि कपाटातली भांडी किणकिणतात. विजेच्या डेटोनेटरला दोन लांब तारा असतात. त्या पसरल्या की नकाशावर काय दिसतं? डायपोल. अँटेना. जवळपास जोरदार ट्रान्समीटर असेल तर त्या तारांत प्रवाह उमटू शकतो आणि आतली बारीक तार तापू शकते. म्हणून खाणीच्या सुरक्षेत किती वॉटचं यंत्र किती अंतरावर चालेल याचे तक्ते असतात. बिनविजेच्या नळीवाल्या डेटोनेटरला ही भीती नाही, पण कुठे काय वापरतात ते विचारल्याशिवाय कळत नाही. माझ्या बेताचे वॉट फार थोडे, खाण दूर. तरी तक्ता उतरवून घेतलाय. लहरींना कुंपण कळत नाही, तेव्हा ते आपल्याला कळलेलं बरं.

अँटेनाचा हिशेब: सातच्या पट्ट्यासाठी अर्ध्या तरंगलांबीची तार, दोन्ही बाहू मिळून साधारण वीस मीटर. क्वार्टरच्या छतापासून सुरू केली तर ती माझ्या हद्दीत संपत नाही. उंची फार मिळणार नाही, पण सातवर त्याने बिघडत नाही. कमी उंचीवरची तार सरळ वर आकाशात बोलते, आयनांबर ते बोलणं परत खाली फेकतं आणि नागपूर, अमरावती, नांदेड असा तीनेकशे किलोमीटरचा मुलूख सापडतो. दोन मीटरच्या पट्ट्यावर मात्र सरळ रेषेचं राज्य. तिथे वणीच्या बाजूला ओबीचा ढिगारा आडवा आला की आवाज मेला. खाणीने काढून टाकलेल्या मातीचे हे डोंगर आमच्या क्षितिजावर दरवर्षी वाढतात, आणि त्यांची उंची मी आता डेसिबलमध्ये मोजू लागलोय.

सध्या परवाना नाही, म्हणून नुसतं ऐकतो. ऐकायलाही अडथळे कमी नाहीत. जूनच्या आधीच्या वादळी संध्याकाळी पट्टाभर कडकडाट असतो. तेव्हा अँटेनाची तार सोडवून बाहेर टाकायची, हा नियम विदर्भातल्या माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. एरवी स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर रात्रभर घों-घों करतात. म्हणून लाइट गेली की अख्खी कॉलनी कळवळते आणि मी बॅटरीवरच्या रिसीव्हरकडे धावतो. सगळे चार्जर गप्प असतात, पट्टा धुतल्यासारखा स्वच्छ असतो, आणि कुणीतरी तमिळ वळणाच्या इंग्रजीत आपल्या गावचं तापमान सांगत असतो. हे सुख मी घरात बोलून दाखवत नाही.

तारेचं दुसरं टोक बांधायला काकांच्या अंगणातला कडुनिंब हवा होता. विचारायला गेलो. त्यांनी बुंध्याकडे पाहिलं, एमएसईबीच्या तारा कुठून जातात ते पाहिलं, तार तुटली तर कोणत्या बाजूला पडेल ते पाहिलं आणि दोन हात अलीकडची फांदी दाखवली. मग काकू बाहेर आल्या. ‘‘ते सगळं ठीक हाय सर, पण माह्या टीव्हीत काही खरखर आली तर?’’ मी फिल्टरचं सांगू लागलो. चौदा, एकवीस, अठ्ठावीस. काकांनी मधेच हात वर केला. ‘‘ते तुमचं गणित राहू द्या. आधी तो फिल्टर बनवा, इथं आणा, मी मीटर लावून पाह्यतो. मंग झाडाले हात लावा.’’

आता इंचभर पाइपाचे तुकडे कापून ठेवलेत. रिवाइंडिंगवाल्याकडे बावीस गेजची तार संपली आहे. सोमवारी वणीहून आणतो म्हणालाय.