गरम किटली

"काम करणाऱ्याच्याच हातून चुका होतात," असे आमचे बाबा नेहमी म्हणतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या दुकानातला संगणक मी बंद पाडला, तेव्हा मात्र ते काहीच बोलले नाहीत.

संगणक जुना. उधारीची सारी खाती त्यात. यंत्र सुरू होताना प्रथम जागे होते ते बायॉस. ते खरेदीपासून कोणी बदललेच नव्हते. ३ जानेवारी २०१८ रोजी 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' हे प्रोसेसरमधले दोष जगजाहीर झाले, त्याआधीची ती आवृत्ती. वर्गात हे ऐकल्यापासून मला चैन नव्हते.

दोष समजायला आमचा कॅन्टीनवाला पुरे. आम्ही दारात दिसलो की मागणीची वाट न पाहता तो किटली चढवतो. आम्ही तसेच वर्गात गेलो, तरी किटली गरम राहते; चहाची गरम की कॉफीची, हे हात लावून पाहणाऱ्याला आमची आवड कळते. प्रोसेसरही वेळ वाचवण्यासाठी अंदाजाने पुढचे काम करून ठेवतो. अंदाज चुकला तर उत्तर टाकून देतो, पण वाचलेल्याचा माग कॅश नावाच्या जलद स्मृतीत उरतो. कोणती जागा लवकर वाचता येते हे मोजून चोर गुप्त मजकूर ओळखतो. सिलिकॉनमध्ये कोरलेले खोडता येत नाही. म्हणून कार्यप्रणालीत आणि प्रोसेसरच्या मायक्रोकोडमध्ये दुरुस्त्या कराव्या लागल्या. त्यातही घाई नडली! नव्या मायक्रोकोडने काही यंत्रे आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागली, आणि २२ जानेवारीला खुद्द इंटेलनेच तो तूर्त बसवू नका, असे सांगितले.

एवढे ठाऊक असूनही मी यूपीएसशिवाय बायॉस बदलायला बसलो. काम निम्म्यावर आले आणि वीज गेली. वीज आली; पडदा काळाच राहिला.

दुरुस्तीवाल्याने यंत्र पाहून "करेंट होय्तेनु?" एवढेच विचारले. त्याने चिपवर जुनेच बायॉस पुन्हा लिहून दिले. खाती डिस्कवर होती, ती वाचली. पण मधले चार दिवस बाबांनी उधारी आठवणीने सांगितली आणि एका जुन्या गिऱ्हाइकाशी त्यांची बोलाचाली झाली. तो अजून दुकानाची पायरी चढलेला नाही.

दोष होता तिथेच होता. आठवड्याने मी भीतभीत पुन्हा विचारले. बाबांनी गल्ल्यातून पैसे काढून दिले. "आधी यूपीएस आण. मग बस."

त्या संध्याकाळी नवे बायॉस बसेपर्यंत ते माझ्या शेजारी उभे होते. हातात मात्र जुनी लाल वही होती.