केडगांवची जमीन

परीक्षा जवळ आली म्हणजे आमच्या वर्गांतील मुलांची प्रार्थना लांबते व अभ्यास तितकाच आखूड होतो. देवावर भरंवसा तो हाच, असें त्यांस वाटतें. अशा वेळीं आम्ही त्यांस पंडिता रमाबाईंच्या जमिनीची हकीकत सांगतों.

बाईंच्या शारदासदनास अमेरिकेंतील मित्रमंडळीनें १० वर्षांपुरतेंच साह्य देऊं केलें होतें. ती मुदत १८९८ सालीं सरावयाची होती. पुढची चिंता बाईंनीं प्रभूवर टाकली, आणि हातावर हात ठेवून न बसतां केडगांवीं जमीन घेऊन फळझाडें लाविलीं. हेतु इतकाच कीं, उत्पन्नावर शाळा चालावी. इतक्यांत १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्यप्रांतांतून बाईंनीं सुमारें ३०० स्त्रिया व मुली आणिल्या, तों पुण्यांत प्लेग! शहरांत त्यांस ठेवण्याची मनाई झाली. तेव्हां त्या अनाथांस आसरा मिळाला तो त्याच जमिनीवर. तेथेंच पुढें मुक्तिमिशन उभें राहिलें.

जमीन घेतांना बाईंस यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. प्रभु वाट दाखवितो ती बहुधा एका पावलापुरतीच. (कित्येक पालक मुलाच्या दहाव्या वर्षींच त्याच्या साऱ्या आयुष्याचा नकाशा आम्हांपाशीं मागतात!) आमचा थोरला मुलगा यंदा कॉलेजांत जावयाचा आहे. चार वर्षांचा खर्च कसा निभावेल, हें आम्हांसहि दिसत नाहीं. पहिल्या सहामाहीची फी तेवढी जमली होती; ती आम्ही परवां भरून आलों.