पानशेतचे पाणी



मागच्या हिवाळ्यात नातीला घेऊन पुण्याला जाऊन आले. लाल देवळात प्रार्थना झाली, मग रिक्षाने लकडी पुलावर गेलो. खाली मुठा एवढीशी. नात म्हणाली, "सावता, ह्या नदीने माणसं बुडवली?"

तिला सांगितले तेच तुम्हाला सांगते. १२ जुलै १९६१, बुधवार. मी पंधरा वर्षांची होते. पानशेतचे मातीचे धरण पुरते बांधून झाले नव्हते, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवले. पाणी सोडायच्या मोरीचे काम कच्चे होते. ती खचली आणि वरची माती बसू लागली. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण फुटलेच. ते पाणी खडकवासल्यावर आले आणि ते जुने दगडी धरणही फुटले. दुपारपर्यंत नारायण पेठ, शनिवार पेठ, डेक्कन सगळे पाण्यात! लकडी पूलसुद्धा बुडाला. हजारो घरे पडली. सुमारे हजार माणसे गेली असे म्हणतात.

आमचे घर लष्करात, उंचावर, म्हणून वाचलो. नारायण पेठेतली माझी मैत्रीण संध्याकाळी चिखलाने माखून आमच्या दारात आली, बरोबर आई आणि धाकटा भाऊ. आजी मात्र नव्हती. "तुम्ही पुढे व्हा, मी कडी लावून येते," म्हणाली होती. ती आलीच नाही.

गावभर पाणी, आणि प्यायला थेंब नाही! नळ खडकवासल्यावर चालायचे. लोक जुन्या विहिरींवर रांगा लावायचे. रोगराई पसरू नये म्हणून टोचण्या सुरू झाल्या. एक नर्सबाई दिवसभर उभ्या राहून टोचत होत्या. भेदरलेल्या पोराला आधी नाव विचारायच्या, मग सुई. मी कंदील धरून त्यांच्याजवळ उभी राहिले. पुढे इस्राएलात नर्स झाले, ते तिथूनच. मीही आधी नावच विचारायची.

पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती झाल्या. मैत्रीण अजून सहकारनगरात राहते. आम्ही गेलो तेव्हा तिने थालीपीठ केले. नातीला स्वयंपाकघरात भरलेल्या दोन कळशा दिसल्या. "नळ असताना कशाला?" तिने विचारले.

मैत्रीण हसली. "रोज रात्री भरते, बाळा. आणि दाराला कडी लावत नाही."