गाण्यांनी रॅम बिघडत नाही

आजचा विषय संगणकाचा आहे. चळवळीच्या लेखांत हा कुठून आला असं वाटेल, पण आमचं जे नुकसान झालं ते उद्या तुमचंही होऊ शकतं, म्हणून लिहितोय.

कोल्हापुरातल्या आमच्या वस्तीत एक लहानसं वाचनालय आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरांत शिरलं, 2021 च्या जुलैत पुन्हा शिरलं. दोन्ही वेळा लोकांनी आधी माणसं काढली, मग गॅसची टाकी, मग जमलंच तर कागद. जात पडताळणीला लागणारे दाखले तेवढे आठवणीने उचलले गेले. ट्रंकेच्या तळाशी असलेली नामांतराच्या वेळची पत्रकं, मंडळाच्या हिशेबवह्या, सहा डिसेंबरची हँडबिलं, सगळ्याचा लगदा झाला. 1920 ची माणगाव परिषद आपल्या जिल्ह्यात झाली, बाबासाहेबांचा पुतळा त्यांच्या हयातीतच, 1950 साली बिंदू चौकात उभा राहिला, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. पण त्या पिढीच्या घरातला एक कागद दाखवा म्हटलं की आपण गप्प. म्हणून आम्ही पाच-सहा जणांनी ठरवलं, जे उरलंय ते स्कॅन करायचं.

संगणक होता एका हितचिंतकाने दिलेला जुना डेस्कटॉप. त्यात 4 जीबी रॅम. ती कमी पडते म्हणून वर्गणीतून आणखी 4 जीबीची एक वापरलेली पट्टी घेऊन बसवली. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी स्क्रीनवर चौकट यायला लागली: अमक्या पत्त्यावरच्या सूचनेने तमक्या पत्त्यावरची मेमरी मागितली, ती मेमरी वाचता आली नाही. ओके दाबा. ओके दाबलं की प्रोग्रॅम बंद. पहिल्यांदा फक्त स्कॅनिंगचा प्रोग्रॅम बंद पडायचा, मग ब्राउझर, मग मराठी टायपिंग करता करता निळा स्क्रीन.

सीपीयू उचलून दुकानात नेला. काउंटरवरच्या माणसाने तो उघडलासुद्धा नाही. म्हणाला, "व्हायरस आहे. तुम्ही लोक पेनड्राइव्हनं मिरवणुकीची गाणी आणून टाकता त्यात, मग असं होतं. फॉरमॅट मारावा लागंल." आम्ही पैसे दिले, त्याने फॉरमॅट मारला. तिसऱ्या दिवशी तीच चौकट. पुन्हा नेला, पुन्हा पैसे, पुन्हा फॉरमॅट, आणि गाण्यांवरून पुन्हा तेच बोलणं. खरं सांगायचं तर त्या वाक्याने आम्ही वरमलो. चौदा एप्रिलची गाणी त्या संगणकावर होतीच. आमचंच चुकलं असेल असं धरून आम्ही ती पुसूनही टाकली. कालाम सुत्तावर व्याख्यानं देणारी आम्ही माणसं. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून घ्या, हे लोकांना शिकवणारी. काउंटरपलीकडच्या माणसाला एवढंही विचारलं नाही की बाबा, तू हे कशावरून म्हणतोस?

ते विचारलं वस्तीतल्याच एका मुलीने. ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही घाईघाईने सगळं स्कॅन बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवत बसलो होतो. ती दारातूनच म्हणाली, "दादा, कॉपी थांबवा आधी." आम्ही चिडलो. मशीन कधीही बंद पडेल, आत्ताच वाचवायला नको का? ती म्हणाली, फाइल इकडून तिकडे जाते ती रॅममधूनच जाते. रॅम खराब असेल तर तुम्ही वाचवत नाही आहात, बिघडवून ठेवत आहात.

नंतर तिने जे केलं ते कुणालाही करता येईल, म्हणून सविस्तर सांगतो. पहिला प्रश्न तिने विचारला तो हा: चौकट एकाच प्रोग्रॅमला येते की वेगवेगळ्या? एकाच प्रोग्रॅमला येत असेल तर दोष बहुतेक त्या प्रोग्रॅमचा किंवा ड्रायव्हरचा असतो. तो स्वतःच्या हद्दीबाहेरचा पत्ता मागतो आणि विंडोज त्याला अडवते. तिथे रॅमचा काही संबंध नसतो. प्रोग्रॅम नव्याने टाकून पाहायचा. पण कुठलाही प्रोग्रॅम कधीही पडत असेल आणि जोडीला निळा स्क्रीन असेल, तर संशय यंत्रावर. त्यातही हार्डडिस्क आधी तपासावी, कारण रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कचा तुकडा मेमरी म्हणून वापरते, आणि तो तुकडा खराब असला तरी वाचता येत नाही अशीच तक्रार येते. आमची डिस्क ठीक निघाली. पंख्यावरची धूळ झाडली. तरी फरक नाही.

मग विंडोजमध्येच असलेलं मेमरी डायग्नॉस्टिक चालवलं. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की सापडतं, मशीन रीस्टार्ट होऊन तपासणी करतं. त्याने हार्डवेअरमध्ये दोष आहे म्हणून सांगितलं, पण कुठे ते नाही. तेव्हा तिने पेनड्राइव्हवर मेमटेस्ट घेतलं. ते फुकट मिळतं आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच चालतं, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तपासता येते. रात्रभर लावून ठेवलं. सकाळी स्क्रीनवर लाल ओळींची रांग. त्यात एक जरी लाल ओळ आली तरी नापास. दोन-चार चुका चालतील असा हिशेब इथे नाही.

पण लाल ओळ म्हणजे पट्टीच खराब, असंही नाही. प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवून, तिने दोन्ही पट्ट्या काढल्या. त्यांच्या सोनेरी दातांवरून शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत त्या दातांवर काळपट थर बसतो, आणि बऱ्याच वेळा सगळा आजार तेवढाच असतो. मग एक पट्टी, एक स्लॉट, एक रात्र. पहिली पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये पास, म्हणजे स्लॉट निर्दोष. दुसरी, वर्गणीतून घेतलेली, दोन्ही स्लॉटमध्ये नापास. चार रात्री गेल्या, खर्च झाला एका खोडरबराचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढीच काय ती युक्ती. दोन्ही फॉरमॅट फुकट गेले होते, आणि गाणीही फुकट पुसली होती.

बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये वेगळी रॅम असते. तिच्यात दर 64 बिटांमागे 8 जादा बिट राखणीला ठेवलेले असतात. एक बिट उलटला तर ती तो आपोआप दुरुस्त करते, दोन उलटले तर ओरडून सांगते. तुमच्या-आमच्या घरच्या यंत्रात ही राखण सहसा नसते. तिथे चूक गुपचूप होते आणि फाइलमध्ये जाऊन बसते.

तशी ती बसलीच होती. खराब पट्टी काढल्यावर आम्ही प्रत्येक फाइल उघडून पाहायला बसलो. उतरवलेल्या प्रती मूळ फाइलशी ताडून पाहता येतात, विंडोजमधल्या सर्टयुटिलने दोन्हींची खूण काढून. पण स्कॅन होतानाच बिघडलेलं पान ताडणार कशाशी? ते डोळ्यांनीच पाहावं लागतं. कित्येक पानं वरून अर्धी स्वच्छ आणि खाली नुसती राखाडी. बहुतेकांचे मूळ कागद घरोघरी परत दिलेले होते, ते पुन्हा मागून आणता आले.

एका आजोबांची वही मात्र नाही. नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेले तेव्हाची ती वही. आम्ही ती स्कॅन करून प्रामाणिकपणे परत केली आणि सांगितलं, आजोबा, आता काळजी नाही. ते नंतर वारले, घर दुरुस्तीला काढलं आणि ट्रंक भंगारात गेली. आमच्याकडे त्या वहीची अकरा पानं नीट आहेत. बाकीच्या पानांवर तारीख आणि पहिल्या तीन-चार ओळी.

काही कार्यकर्ते म्हणतात, झालं ते झालं, आता सगळं मोबाइलमध्ये ठेवू. ठेवा. पण मूळ कागद परत देण्याआधी प्रत्येक पान उघडून बघा आणि प्रत दोन वेगळ्या घरांत ठेवा. संगणकाचं काम त्या एका मुलीवर सोपवून मोकळे होऊ नका. तिची परीक्षा जवळ आली आहे, आणि रॅम काढून बसवायला आम्हालाही आता येतं.

मशीन सध्या 4 जीबीवर रखडत चालतंय. दुसरा स्लॉट रिकामा आहे. कुणाच्या जुन्या डेस्कटॉपमधून डीडीआर थ्रीची 4 जीबीची पट्टी निघाली असेल तर रविवारी वाचनालयात घेऊन या. रात्रभर तपासून मगच बसवू.